कायमाईचा चढ आणि माझे सासरे

माझे सासरे माझ्या डोक्यात जायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार सोशिक सून होते असं पुढे कुणाला वाटायला नको.

बत्तीस वर्षं त्यांनी घाटात एसटीची लाल गाडी चालवलेली. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि ते आमच्याकडे ऑकलंडला येऊन राहिले. इथे त्यांना कुणी गाडी चालवू देईना. इंग्रजीच्या नावाने आनंद. मग उरलं काय, तर माझ्या शेजारी बसून माझं ड्रायव्हिंग सुधारणं. "सेकंड टाक." "क्लचवरचा पाय काढ आधी." "ऐक, मागचं बेअरिंग बोलतंय." नुसत्या आवाजावरून ते गाडीचं दुखणं सांगायचे, आणि मेलं, दर वेळी ते खरं निघायचं. त्याचाच मला जास्त राग. या देशात त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, हे मला कळत होतं. तरी मला ते नको होतं.

चार वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची ढुंगणं धुतल्यावर मला एकदाची नर्सची नोकरी लागली, टॉरंगाच्या पुढच्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं होतं. तिथे भाड्याचं घर मिळेना, म्हणून आम्ही दोन ओळी सीट आणि मागे उघडा हौदा असलेली एक जुनी यूट आणि तिच्यामागे जोडायला एक जुनी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, घेतली. घर मिळेपर्यंत मी कॅरव्हॅनमध्येच राहणार होते. नवऱ्याचा नोटीस पिरियड संपायला तीन आठवडे होते. "बाबा येतील तुझ्या सोबतीला," तो म्हणाला. मला एका शब्दाने विचारलं नाही.

शनिवारी सामान भरता भरता दुपार टळली. अंधारात कॅरव्हॅन घेऊन वाटेतला कायमाईचा घाट चढायची माझी छाती नव्हती, म्हणून मॅटामाटाजवळच्या कॅम्पात मुक्काम केला. जुलै महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा. रविवारी सकाळी उठले तर गवत पांढरंफटक, काचेवर बर्फाचा थर. चहा ठेवायला गेले तर मसाल्याच्या सगळ्या बरण्या सिंकमध्ये उभ्या करून ठेवलेल्या, बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळून. ज्या खोक्यात मी त्या भरल्या होत्या ते खोकं गायब.

"माझ्या सामानाला हात कुणी लावला?" मी दारातूनच ओरडले. दुसरं होतं कोण म्हणा. बाबा यूटच्या पुढे वाकून काहीतरी करत होते. तिथूनच त्यांनी हात हलवला. मी चहा ढोसला, यूट सुरू केली, आणि ते टॉयलेटमधून येईपर्यंत तीनदा हॉर्न वाजवला. ते बिचारे धावतच येऊन बसले. तेव्हा मी बिचारे म्हटलं नव्हतं.

कायमाईचा चढ तिथून फार लांब नाही. अर्ध्यावर आलो आणि इंजिनच्या तापमानाचा काटा हलायला लागला. मला तो दिसला. पण बाबांना तो माझ्या आधी दिसला होता.

"अगं, जरा बाजूला घे."

"कशाला?"

"मला उतरायचंय."

"आत्ता तर जाऊन आलात की!"

"तसं नाही गं. काटा बघ, वर—"

"दिसतोय मला काटा. वर पोचलो की थांबू."

मागे ट्रकांची रांग लागली होती. एकाने भोंगा वाजवला आणि माझा पारा आणखी चढला. बाबा पुन्हा म्हणाले, "थांब म्हणतोय ना!" हा त्यांचा बसमधला आवाज असणार. प्रवासी त्या आवाजाला घाबरत असतील. मी रेडिओ मोठा केला.

पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. कशीबशी यूट कडेच्या खडीवर घेतली आणि इंजिन बंद केलं. मी पट्टा सोडेपर्यंत बाबा खाली उतरून पुढच्या जाळीत बोटं घालत होते.

"हात लावायचा नाही!"

"मला एकदा आत बघू दे, फक्त—"

"हा तुमचा डेपो नाही! भाजलात तर मलाच निस्तरावं लागेल. उद्या माझी नोकरी आहे, कळतंय का? जाऊन बसा आत!"

बाजूने गाड्या जात होत्या. एका गाडीतली पोरं काचेला नाक लावून आमच्याकडे बघत होती. बाबा आत जाऊन बसले.

रोडसाइडवाल्याला, म्हणजे रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या बघायला येणाऱ्या माणसाला, फोन केला. दीड तास लागेल म्हणाला. तो दीड तास मी फुकट घालवला नाही. आधी नवऱ्याला धुतला. तुझी यूट, तुझी अक्कल, तुझे बाबा. मग ज्याच्याकडून यूट घेतली त्याला फोन लावला आणि खोटारडा, चोर, तोंडाला येईल ते बोलले. तो आपला शांतपणे सांगत होता की गेल्याच महिन्यात मी याच चढावरून माझी बोट ओढून नेली, काही झालं नाही. त्याचा शांतपणा ऐकून मी आणखी पेटले. मधेच बाबांनी काच खाली केली. "अगं, ऐक ना—" मी तळहात दाखवला. काच वर गेली.

रोडसाइडवाला आला. एवढ्या थंडीत हाफ पॅंट आणि गमबूट. "किया ओरा" असा इथला नमस्कार केला, बॉनेट उघडलं, रेडिएटरपुढे हात घातला आणि ओलाचिंब झालेला एक मोठा पुठ्ठा ओढून बाहेर काढला. नीट घडी घालून, मापाने बसवलेला. त्यावर माझ्याच अक्षरात, मार्करने लिहिलेलं होतं: स्वयंपाकघर, मसाले.

"हा तुमचाच ना?" त्याने विचारलं आणि हसायला लागला. हवाच जात नव्हती, इंजिन तापणारच, म्हणाला. पाणी भरलं, थोडा वेळ इंजिन चालवून पाहिलं, आणि "स्वीट अ‍ॅज", म्हणजे एकदम झकास, म्हणून निघून गेला.

बाबा खाली उतरून उभे होते. "थंडीत आम्ही घाटात असा पुठ्ठा लावायचो," ते म्हणाले. "इंजिन लवकर गरम होतं. तुला चढाला त्रास नको म्हणून. निघताना काढणार होतो, तू हॉर्न वाजवलास... विसरलो मी."

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. इतका आनंद मला नोकरीचं पत्र आलं तेव्हाही झाला नव्हता. तिथेच उभं राहून, त्यांच्या देखत, मी नवऱ्याला फोन केला आणि सगळं सांगितलं.

सोमवारी सातला मी हॉस्पिटलात होते. आणि नंतर ही गोष्ट मी सगळीकडे सांगितली. गावातल्या एकुलत्या एक मराठी डॉक्टरकडे जेवायला गेलो तिथे सांगितली. ऑकलंडला गेलो तेव्हा सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानात, जिलबीच्या रांगेत उभं राहून सांगितली. पुठ्ठा ओढायची नक्कल करून दाखवायचे. "बत्तीस वर्षांचा अनुभव बरं का!" लोक पोट धरून हसायचे. बाबाही हसायचे. "चुकलंच माझं," म्हणायचे. त्यांनी मला दोनदा थांब म्हटलं होतं, उतरल्या उतरल्या त्यांचा हात बरोबर त्याच जागी गेला होता, आणि मी त्यांना हाकलून आत बसवलं, हे मी एकदाही सांगितलं नाही. त्यांनीही नाही.

पुढे ते मागच्या सीटवर बसायला लागले. मागे पाय मोकळे राहतात म्हणे. वर्षभरात त्यांनी धाकट्या मुलाकडे सांगलीला परत जायचं ठरवलं. थंडी सोसत नाही, एवढंच कारण दिलं. नवऱ्याला ते पटलं. मला पटलं नाही, पण मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?

विमानतळावर सोडायला मीच निघाले, नवऱ्याला ड्युटी होती. कॅरव्हॅन मागे नव्हती. बाबा मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन. कायमाईचा तोच चढ आता उतार झाला होता. मी मुद्दाम टॉप गिअरमध्ये ठेवून ब्रेक दाबत राहिले. थोड्या वेळाने ब्रेकचा जळका वास यायला लागला. आरशात पाहिलं. त्यांना वास आला होता. त्यांचं नाक हललं, जबडा घट्ट झाला. पण ते खिडकीबाहेर बघत राहिले.

आता म्हणतील, पुढच्या वळणाला म्हणतील, असं करत मी तीन वळणं घेतली. मग मलाच राहवेना.

"बाबा, सेकंड टाकू का?"

"तू बघ गं," ते म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं."