मूळव्याधीचा धूर

निजामाच्या अमदानीत बीडमधल्या एका लहानशा दवाखान्यात मी पट्ट्या बांधायच्या कामावर होतो. आमचे डॉक्टरसाहेब मूळव्याध कापत आणि रक्त थांबवायला तापलेल्या लोखंडी डागणीनं ती जागा जाळत. चर्र आवाज व्हायचा आणि चरबट, वशाट धूर खोलीभर पसरायचा. खिडक्या बंद, कारण बाहेर रोग्याचे सोयरे डोकावायला टपलेले. साहेबांना त्या धुराचं काही वाटत नसे. माझ्या मते त्यांचं नाक शोभेपुरतंच होतं.

खरे हाल व्हायचे दाईमावशीचे. वडवणीकडची, मागेपुढे कुणी नसलेली बाई. शेगडी फुंकायची, लाल झालेली डागणी साहेबांच्या हातात द्यायची आणि काम होईपर्यंत कंदील धरून धुरातच उभं राहायचं. वर्षभरात तिला असा खोकला लागला की दवाखान्याच्या चार पायऱ्या चढली तरी धाप लागे. ती विनवायची, "साहेब, धुरानं छाती भरती. तेवढी खिडकी उघडा की."

"धुआँ तो दवा है," साहेब म्हणायचे. "खोकला थांबला नाही तर दुसरी बाई बघतो." आणि वर स्वतःच हसायचे. मला इतका संताप यायचा की वाटे, ती डागणी यांनाच लावावी. पण मला हातापेक्षा जीभ चालवणं बरं जमायचं.

एकदा साहेब तीन दिवसांचा दौरा घोड्यावरून उरकून आले. मी चेहरा पाडून म्हणालो, "साहेब, पाली गावाकडचे लोक काय बी बोलत्यात. डागणीचा धूर ज्याच्या नाकात गेला, त्याला तीच व्याधी जडती म्हणं."

"जाहिल लोग!" साहेब गरजले, आणि खुर्चीत जरासे एका अंगावर सरकले.

तेवढं मला पुरलं. मग रोज सकाळी मी अदबीनं विचारू लागलो, "साहेब, बसायला तरास तर न्हाई ना?" दोन दिवसांत खुर्चीवर उशी आली. पुढं पुढं तर ते उभ्यानंच रोगी तपासू लागले. आठवडा उलटायच्या आत हुकूम सुटला: डागणी लावताना सगळ्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, त्यांना पडदे लावायचे, आणि खोलीतल्या प्रत्येकानं नाकातोंडावर चौपदरी ओलं फडकं बांधायचं. ही सगळी आपलीच अक्कल, अशा थाटात त्यांनी तो आम्हाला ऐकवला.

महिन्या-दीड महिन्यात मावशीचा खोकला पुष्कळ उतरला. दुसरी बाई बघायची गोष्टही बंद झाली. मला इतका आनंद झाला की एका दुपारी माझी थाप मी तिला सांगूनच टाकली. वाटलं, पोट धरून हसेल. ती हसली नाही.

"कावून लबाड बोललास रे? खरं सांगायचं हुतं."

"खरं तुमी सांगतच हुता की मावशी. वरीसभर."

ती शेगडीतली राख काढत राहिली. मग मान वर न करताच म्हणाली, "म्हंजी खिडकी माझ्या छातीपायी न्हाई उघडली. साहेबाच्या बुडापायी उघडली."