गाडी कळकली

मावळात लग्न ठरलं की घरचे तारीख बघतात आणि लगेच वराळ्याला फोन लावतात. शालनमावशीची गाडी त्या दिवशी मोकळी आहे ना, एवढंच विचारायचं असतं.

गाडीत असतात भांडी. पितळेची पातेली, तांब्याचे हंडे, पाच माणसांनी उचलावी अशी काहील, पराती, झारे. ती रचावीत शालनबाईंनीच. मोठ्यात मधलं, मधल्यात धाकटं, आणि दोघांच्या मध्ये पोत्याची घडी. एवढं करूनही गाडी हलली की आतून एक मंद नाद येत राहतो, वाऱ्याने जाता जाता देवळातल्या घंटेला हात लावावा तसा. गाडी वळणावर दिसायच्या आधी नाद येतो आणि लग्नघरातल्या बायका पदर खोचून उठतात. आता चूल पेटणार.

भांडी शालनबाईंची आणि हात बजरंगचा. बजरंग म्हणजे त्यांचा नवरा, आचारी. त्याच्या हातची आमटी खाऊन लोक वरातीत नाचायचं विसरतात. पण चुलीपुढे राजा असलेला हा माणूस स्टिअरिंगपुढे बसला की त्याला डावं-उजवं कळत नाही. गाडी घेतली तेव्हा तो शिकायला बसला आणि पहिल्याच फेरीत ती सरळ भाताच्या खाचरात नेऊन उभी केली. तिथून मान बाहेर काढून म्हणाला, "आता गं?"

मग ड्रायव्हर ठेवला. तो इंदुरीच्या एका लग्नात आपल्याला आधी वाढलं नाही म्हणून रुसला आणि किल्ली हंड्यात टाकून निघून गेला. शालनबाई माहेरी ट्रॅक्टर चालवत होत्या. त्यांनी हंड्यातून किल्ली काढली, पदर कमरेला बांधला आणि सगळी भांडी वराळ्याला आणली. पुढे रीतसर लायसन काढलं. तेव्हापासून ती गाडी दुसऱ्या कुणी चालवलेली नाही.

गाडी पेट्रोलची, लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याकडून घेतलेली जुनी पिकअप. डिझेलची घेऊ दिली नाही बजरंगने. डिझेलचा वास भांड्याला लागतो, असं त्याचं म्हणणं. ही पिकअप इंजेक्शनवाली. म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते आतला एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो आणि बारीक नळीतून तेवढंच फवारतो. बरीच वर्षं त्याने इमानाने फवारलं. यंदा तुळशीचं लग्न झालं, भात झोडून झाला, लग्नं सुरू झाली, आणि गाडीला उचकी लागली.

सपाटीला सुरळीत. कामशेतच्या खिंडीचा चढ आला की उचकी, मग धक्के, मग मुक्काम. तळेगावच्या गॅरेजमध्ये यंत्र लावून बघितलं, तर ते दर खेपेला नवंच दुखणं सांगे. काल ज्याला दोष दिला तो भाग आज निर्दोष. दोन भाग बदलले, उचकी तशीच. शेवटी तिथला मिस्त्री म्हणाला, कॉम्प्युटरच गेला असणार, आणि या गाडीचा कॉम्प्युटर आता कुठे मिळत नाही.

मुलगा सुहास कंपनीत कामाला. तो जेवता जेवता म्हणाला, "आई, विकून टाक आता. हौशीराम मंडपवाला मागतोय. त्याला इंदुरीतल्या इंदुरीत बांबू न्यायचेत, चढ चढायचाच नाही. आपण भाड्याचा टेम्पो लावू. तू बस घरी निवांत."

बाकीचं शालनबाईंना ऐकू आलंच नाही. निवांत हा एक शब्द मात्र माशाच्या काट्यासारखा घशात अडकला. त्यांनी ताट सरकवलं आणि त्या दिवसापासून सुहासशी अबोला धरला.

कान्हे फाट्यावर बद्रुद्दीनभाईंचं गॅरेज आहे. बजरंगचा जुना दोस्त, आणि कार्बोरेटरचा जुना आशिक. कार्बोरेटर म्हणजे इंजेक्शनच्या आधीची रीत. इंजिन स्वतःच्या ओढीने हवा घेतं, हवेबरोबर पेट्रोल ओढलं जातं. ना कॉम्प्युटर, ना यंत्र. कमी-जास्त झालं तर एक स्क्रू पिळायचा. बद्रूभाईंनी आयुष्यभर ते स्क्रू पिळले, नुसत्या कानाने. आता तशा गाड्या राहिल्या नाहीत. गॅरेजात पंक्चर येतात, ऑइल बदलायला स्कूटर येतात. तरी एक चांगला कार्बोरेटर त्यांनी तेल लावून, फडक्यात गुंडाळून जपून ठेवला होता.

शालनबाईंचं ऐकून ते म्हणाले, "वयनी, इंजेक्शन काढून टाकू, आपला कारबेटर बसवू. कारबेटर बायकोवानी असतो, काय दुखतंय ते वरडून सांगतो. ह्यो कॉम्प्युटर म्हंजे रुसलेला जावई. काय खुपलंय त्ये सांगत न्हाई, नुसता जेवत न्हाई."

"म्हंजे इंजेक्शन बंद, आता गोळ्या चालू," बजरंग म्हणाला.

"तू गप," बद्रूभाई म्हणाले. "तुला गाडीतलं काय कळतंय? खाचरात घालणारा तू."

"खाचरात घातली तवा पिकबी चांगलं आलतं त्या साली."

शालनबाई हसल्या नाहीत. त्या मनात तोलत होत्या. कार्बोरेटर बसला तर गाडी चढ चढेल, आणि बिघडली तर बद्रूभाई आहेतच. पण सुहासने बजरंगला बजावून सांगितलं होतं, आणि बजरंगने ते जसंच्या तसं पोचवलं होतं. पुढच्या महिन्यात पासिंग. कागदावर इंजेक्शन आणि गाडीत कार्बोरेटर असेल तर अडवतील, धूरही जास्त निघेल. पास झाली नाही तर गाडी अंगणात, कोंबड्यांना अंडी घालायला. आणि मागे फिरता येणार नव्हतं. बद्रूभाई जुन्या वायरींचा जुडगा कापून टाकणार होते.

"भाई, एकदा कापलं की कापलं ना?"

"एकदा कापलं की कापलं," बद्रूभाई म्हणाले. ते खोटं बोलणारे नव्हते.

तीन दिवसांवर वलवणचं लग्न आलं होतं. बुधवारी सकाळी, दव अजून गवतावर होतं तेव्हा, शालनबाईंनी गाडी काढली. मागे नवी कल्हई केलेली भांडी तशीच होती. उतरवायची तर सुहासला सांगावं लागलं असतं, आणि अबोला चालू होता. शेजारी बजरंग. कान्ह्यापर्यंत सपाटी, गाडीने त्रास दिला नाही.

बद्रूभाईंनी स्वच्छ कापड अंथरून त्यावर कार्बोरेटर मांडला होता. आंघोळ घालून पाटावर बसवलेल्या बाळासारखा चकचकत होता. त्यांनी बॉनेट उघडलं, मोजपट्टी घेतली आणि माप घ्यायला आत वाकले. आत अंधार होता. शालनबाईंनी मोबाईलची बत्ती धरली.

"जरा खाली धरा, वयनी. हां. हितं पट्टी बसवू, वरती कारबेटर. ह्या वायरी काय आता लागायच्या न्हाईत." त्यांनी कटर उचलला.

"थांबा भाई."

"काय झालं?"

"त्ये हिरवं काय हाय?"

इंजिनाच्या अंगाला एक बोल्ट होता. त्याखाली तांब्याची जाड वायर दाबून बसवलेली. अर्थिंगची. तिच्या टोकावर हिरवट पांढरी साय धरली होती. बद्रूभाईंनी बघितल्यासारखं केलं. "गंज हाय. जुन्या गाडीला असतोच."

"गंज लाल असतो. ह्यो कळंक हाय."

शालनबाईंनी अंगठा फिरवला, नाकाशी नेला. आयुष्य तांब्या-पितळेत गेलेली बाई. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं तर ते कसं हिरवं होतं, कसं कळकतं, आणि कळकलेलं ताक पंगतीत गेलं तर काय होतं, हे त्यांच्या बोटांना डोळे मिटून कळत होतं.

"आंबट लागल्याबिगर असा कळंक धरत न्हाई. हितं आंबट कुटनं आलं?"

तिघांनी एकदम मान वर केली. बॉनेटच्या आतल्या बाजूला, बरोबर त्या बोल्टाच्या डोक्यावर, लिंबू-मिरची टांगलेली होती. एक नव्हे. ताजी, तिच्यामागे सुकलेली, तिच्यामागे काळी पडलेली. इंजिनाच्या धगीने पिळून पिळून लिंबांनी आपला सगळा रस खाली सोडला होता.

बजरंग हळूच म्हणाला, "ही तर तूच बांधतीस. दर शनवारी."

शालनबाईंच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. पूर्वी त्या लिंबू-मिरची पुढच्या बंपरलाच बांधत. पण खंडाळ्याच्या वळणावर एका माकडाने ती तोडली, मिरची चावली, आणि ती शालनबाईंनीच चारली अशा समजुतीने काचेवर बसून वायपर मुळासकट उपटून नेला. तेव्हापासून दृष्ट आतल्या बाजूने काढायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"म्हंजे दिष्ट लागू नये म्हणून बांधलं," बजरंग म्हणाला, "आन् त्येच लागलं."

"गाडी कळकली म्हणा की सरळ!" शालनबाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच हसू आवरेना.

बद्रूभाई हसत नव्हते. ते कापडावरच्या कार्बोरेटरकडे बघत होते. ही अर्थिंग धड नसेल तर कॉम्प्युटर भांबावतो, कधी हे दुखतं म्हणतो, कधी ते, आणि चढाला इंजिन हललं की साफच बोबडी वळते, हे त्यांना आता लख्ख दिसत होतं. नुसतं 'छे, त्यानं काय होतंय' म्हटलं असतं तर वहिनींनी ऐकलंही असतं. कित्येक वर्षांनी हातात आलेलं असं काम! त्यांनी कटर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग तो खिशात घातला.

"वयनी, तुमी म्हणता त्येच हाय. माप घ्यायच्या घाईत मी वायरीकडं बघितलंच न्हाई. मला कारबेटरच दिसत हुता."

"चिंच हाय का भाई? चिंच-मिठानं घासून देते, बघा कसं लखलखतंय."

"अवो आंबटानंच तर घात झालाय! पॉलिश पेपर आणतो, थांबा."

बोल्ट खोलला, टोक घासलं, तांबं नव्या कल्हईच्या भांड्यासारखं उजळलं. बोल्ट आवळून बद्रूभाईंनी वर थोडं ग्रीस फासलं. लिंबं शालनबाईंनी आपल्या हाताने सोडवली आणि गॅरेजमागच्या पेरूच्या झाडाखाली पुरली. मग त्या गाडीत बसल्या. बजरंगला मध्ये सरकवलं, पलीकडे बद्रूभाई, आणि गाडी खिंडीकडे निघाली.

चढ सुरू झाला तसा बजरंगने डोळे मिटून घेतले. इथे उचकी लागायची. इंजिनाचा आवाज भरत गेला, जड झाला, आणि तसाच एकसारखा वर चढत राहिला. मागे हंडे-पातेली घुमायला लागली. गाडी जिथे अडायची तो दगड मागे पडला, वडाचं झाड मागे पडलं. शालनबाईंनी गिअर बदलला तो हाताच्या नुसत्या मनगटाने, पोळी उलटावी तसा.

बद्रूभाई कान लावून ऐकत होते. थोड्या वेळाने नाइलाजाने म्हणाले, "लय ग्वाड आवाज हाय. पण कॉम्प्युटर हाय त्यो, वयनी. आज ना उद्या खरंच जाईल. कारबेटर बसवून ठेवला तर घोर न्हाई."

"जाईल तवा बसवू, आन् तुमच्याच हातानं बसवू. पर धडधाकट हाय तवर न्हाई कापायचं. पासिंग ह्या इंजेक्शनवरच करून घेऊ." शालनबाईंनी आरशातून मागची भांडी बघितली. "तवर जपून ठेवा. तेल लावत जावा."

"त्ये तर लावतोच," बद्रूभाई म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

एवढ्यात फोन वाजला. सुहासचा होता. शालनबाईंनी नजर रस्त्यावरून न काढता तो बद्रूभाईंकडे दिला.

"आई, हौशीराम आलाय घरी, गाडी बघायला. कुठे आहेस? फोन देतो त्याच्याकडे," सुहास म्हणाला.

"आई गाडी चालवतीय. मी बद्रू बोलतोय," बद्रूभाईंनी आवाज चढवला. "कोन, हौशीराम का? आरं काय सांगू तुला! खिंडीतनं भरल्या भांड्यानं चढतोय आमी. हरणावानी! काय इंजिन हाय, काय ओढ हाय! अशी गाडी आख्ख्या मावळात न्हाई."

पलीकडून हौशीराम काहीतरी घाईघाईने बोलला. बद्रूभाईंनी फोनवर हात ठेवला.

"वयनी, मी जास्तच बोललो वाटतं. त्यो म्हणतोय, अशी असंल तर मागंल ती किंमत देतो."

"त्याला म्हणा, शनवारी वलवणला लग्न हाय, जेवायला ये. गाडी न्हाई मिळायची." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् सुहासला म्हणा, आई घरी येतीय. भांडी उतरवायला ये म्हणावं."

बजरंगने एक डोळा उघडला. "बोललीस व्हय त्याच्याशी?"

"मी कुटं बोलले? बद्रूभाई बोलतायत."

आणि खिंडीच्या माथ्यावर, जिथे रस्ता सपाट होऊन कामशेतची घरं दिसू लागतात, तिथे शालनबाईंनी जोराचा हॉर्न दिला आणि गाडी घराकडे वळवली.