चौथ्या चाकाचे नट

नाक्यावरच्या फलकावर ज्या शहीद जवानाच्या हाती बंदूक रंगवली आहे, त्या हातांनी काम काय केलं, हे तुम्ही कधी त्याच्या घरी जाऊन विचारलंत का?

लालबागच्या आमच्या चाळीपुढे असा फलक आहे. त्यावरचा नाईक महेश परब माझ्याच युनिटमध्ये व्हेइकल मेकॅनिक होता. बंदूक आम्हा दोघांनाही होती. हातात मात्र दिवसभर पाना असायचा. सकाळी पीटी, मग वर्कशॉप, संध्याकाळी रोल कॉल. बर्फ आणि चिखलानं गाड्यांचे नट गंजून धरायचे. महेशची पद्धत ठरलेली होती. गंज घासायचा, तेल सोडायचं, हलके ठोके द्यायचे, थांबायचं. मग सोडण्याआधी नट केसभर आवळायचा. गंजाची पकड तुटली की तो उलटा फिरतो. घाईनं जोर लावला तर बोल्टच तुटतो.

"परब, सोडतोयस की बसवतोयस?" पोरं चिडवायची.

"तू तोड, मी सोडतो," तो म्हणायचा.

यंदा मी निवृत्त होऊन घरी आलो. फलकाखालीच महेशच्या वडिलांची काळी-पिवळी टॅक्सी उभी होती. महेश गेल्यापासून ती हलली नव्हती. ज्या मंडळानं फलक लावला, त्याचाच सेक्रेटरी माझ्यासमोर परबकाकांना म्हणाला, "काका, मांडव घालायचाय. शनिवारपर्यंत हलली नाही तर भंगारवाल्याला बोलावतो."

फलकाला जागा होती. गाडीला नव्हती.

ब्रेक गंजून चाकं जाम झाली होती. चारही चाकं उतरवून ब्रेक मोकळे केल्याशिवाय टॅक्सी ढकलूनही हलणार नव्हती. मी कामाला लागलो. शुक्रवारपर्यंत तीन चाकं मोकळी झाली. चौथ्याला पाना लावला, तसं काकांनी माझं मनगट धरलं.

"ह्येका हात लावू नको. हे नट महेशान आवळल्यान. शेवटच्या सुट्टीत."

"काका, उद्या भंगारवाला येईल."

"येवंदे."

मी पाना खाली ठेवला. दरड कोसळून मृत्यू, एवढंच त्यांना कळवलं होतं. उरलेलं मी तेव्हा सांगितलं.

घाटात दारूगोळ्याच्या ट्रकचा टायर फुटला होता. रस्ता अरुंद. मागे अ‍ॅम्ब्युलन्स अडकलेली, आत एक जखमी जवान. वरून दगड सुटायला लागले. चाकाचा एक नट निघेना. मी वळणावर वायरलेससह उभा होतो. सुभेदारसाहेबांचा आवाज आला.

"परब, जगह छोड़ो. ओव्हर."

मी ओरडून निरोप दिला. महेशनं मान वर केली नाही.

"एक नट बाकी है. बोल साब को."

सोबतच्यानं घण उचलला. महेशनं त्याला थांबवलं. बोल्ट तुटला असता तर ट्रक तिथेच राहिला असता. त्यानं नट आधी आवळला. मग सोडवला. चाक बदललं, ट्रक निघाला, मागून अ‍ॅम्ब्युलन्स गेली. महेश जॅक उचलायला वाकला आणि दरड आली.

तो जखमी जवान वाचला.

काकांनी चाकाच्या नटावर बोट ठेवलं.

"आधी आवळल्यान?"

"हो, काका."

"मीच शिकवलंय त्येका. ह्याच गाडीवर." ते उठले. "मगे पानो हाड." मी पाना त्यांच्या हाती दिला.

पहिला नट त्यांनी स्वतः पान्यात धरला. आधी आवळला. आतून बारीक कुरकुर आली. मग तो फिरला. त्या चाकाचे चारही नट त्यांनी रुमालात बांधून खिशात ठेवले. ब्रेक मोकळा करून मी नवे बसवले. शनिवारी सकाळी टॅक्सी ढकलत मागच्या गल्लीत नेली. स्टिअरिंगवर काका होते.

फलकावर महेशच्या नावाखाली मी रंगानं लिहिलं: व्हेइकल मेकॅनिक. मंडळाला विचारलं नाही.

तुमच्या नाक्यावरही असा फलक असेल. हार घालण्याआधी त्या घरी जा. तो काय काम करायचा ते विचारा, आणि नावाखाली तेवढं लिहा.