डेनिस कीफची वीट

ग्लेनिस डिरीनने एकतीस वर्षं सफरचंदं निवडली. ह्युऑन नदीकाठच्या शेडमध्ये पट्ट्यावरून फळं सरकत यायची आणि त्यातलं डागाळलेलं फळ तिच्या हातून कधी सुटलं नाही. पुढे शेड बंद पडली, पण नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. अडुसष्टाव्या वर्षी ग्लेनिसने ती वाचनालयातल्या संगणकावर, एकेकाळी जहाजं भरभरून इथे कैदी धाडणाऱ्या इंग्रज सरकारच्या कैदी-वह्यांवर लावली.

तिची आई मरेपर्यंत सांगत राहिली, "आपण स्वखुशीने आलेलो. मोजणीखात्यातली माणसं." आता टास्मानियात वारं उलटं फिरलंय. कैदी पूर्वज नसेल त्याने लग्नसमारंभात तोंड लपवावं. आणि ज्याचा त्याचा पूर्वज पावच चोरून आलेला, तोही भुकेल्या लेकरांसाठी.

"एवढे पाव होते आयर्लंडात," ग्लेनिसचा भाऊ ट्रेव्हर म्हणायचा, "तर दुष्काळ कसला पडला तिथे?"

आई गेल्यावर डिरीनांच्या घरातही पावच सांगू लागले. वहीत निघाली मेंढी. होनोरा कीफ, वय बावीस, कॉर्क, आयर्लंड. एक मेंढी चोरली, सात वर्षं काळं पाणी. उंची पाच फूट एक इंच. चेहऱ्यावर वांग. नाक फताडं.

ट्रेव्हरने बहिणीकडे निरखून पाहिलं. "चला, वारसाहक्क सिद्ध झाला."

"स्वतःचं बघ आधी आरशात."

बाकीचे लोक इथेच वही मिटतात. गावच्या मुख्य रस्त्याच्या पदपथावर कैद्यांच्या नावाच्या विटा बसवतात: नाव, जहाज, गुन्हा, शिक्षा. तेवढं मिळालं की अर्ज टाकायला मोकळे. ग्लेनिसने मात्र वही मिटली नाही. ती खालचा, इथे आल्यावरच्या शिक्षांचा रकाना वाचत बसली. मधमाशी शाईत बुडवून कागदावर सोडावी तसलं ते अक्षर.

१४ जून १८४९. मालक लॅथबरी. परवानगीशिवाय गैरहजर. दहा दिवस कोठडी, पाव आणि पाणी.

२७ जून. उद्धट बोलली. एक महिना सक्तमजुरी.

"आजी जरा कामचुकारच दिसतेय," ट्रेव्हर म्हणाला.

ग्लेनिसने दुसरी वही उघडली. बायकांच्या तुरुंगात एक पाळणाघर होतं. कैदी बाईचं मूल अंगावरून तोडायचं, तिथे टाकायचं आणि तिला कुणाच्या तरी घरी राबायला धाडायचं, अशी तेव्हाची रीत. त्या पाळणाघराच्या मृत्यूनोंदीत ओळ सापडली: डेनिस कीफ, आई होनोरा. जन्म ८ जानेवारी, मृत्यू १९ जून. जुलाब.

ग्लेनिसने दोन चिठ्ठ्यांवर तारखा लिहून शेजारी शेजारी ठेवल्या. लॅथबरींच्या घरापासून तो तुरुंग अकरा मैल. जून म्हणजे इथला ऐन हिवाळा, त्यात बाई पोराकडे चालत गेली. दारातच धरली आणि त्याच तुरुंगात कोंडली. ती आत असताना, भिंतीपलीकडे पोर गेलं. बाहेर आल्यावर ती कुणाला तरी काहीतरी बोलली.

"काय बोलली?" ट्रेव्हरने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"ते नाही लिहिलं. नाकाचं वर्णन करायला वेळ होता त्यांना."

पुढच्या मंगळवारी ग्लेनिस वीट समितीपुढे उभी राहिली. समिती म्हणजे अध्यक्ष रोझालिंड लॅथबरी आणि विटा कोरणारा कॉलिन मर्फेट. रोझालिंड त्याच घराण्याची सून. चर्चच्या भिंतीवर तिच्या सासरच्या मूळ पुरुषाची पितळी पाटी आहे: दयाळू मालक, गावाचा आधार. पाटी दर नाताळला पुसतात. रोझालिंड बोलते ती नाकातून, आणि समोरच्याच्या डोक्यावरून हात फिरवत असल्यासारखी.

तिने अर्ज वाचला. गुन्ह्याच्या रकान्यात ग्लेनिसने लिहिलं होतं: मुलाला भेटायला अकरा मैल चालली.

"ग्लेनिस, राणी, फार वाईट वाटलं गं मला. पण नियम काय आहे, नाही का, की ज्यासाठी इकडे पाठवलं तोच गुन्हा लिहायचा. मेंढी लिहू या. मेंढी लोकांना आवडते."

"हाही गुन्हाच आहे, रोझालिंड. वहीत आहे. तुमच्याच घरातून तक्रार गेली होती."

"त्या काळी सगळेच तसे होते, राणी. आपण आजचा चष्मा लावून बघायचं नाही."

"सगळे कुठे? होनोरा तशी नव्हती."

"अगं, लोक सुट्टीला येतात इथे. आइस्क्रीम खात विटा वाचतात."

ग्लेनिसचे कान तापले. पावणेदोनशे वर्षं या बाईबद्दल जे काही लिहिलं गेलं, ते तिच्यावर खेकसणाऱ्यांनी लिहिलं. आणि आज वीटभर जागा मागितली, तर परवानगी द्यायला पुन्हा लॅथबरीच बसलेली. ग्लेनिसने अर्ज उलटा केला आणि मागचे नियम बोट ठेवून वाचले. पहिलाच नियम: तुरुंगाच्या कोणत्याही वहीत नाव असलेल्या व्यक्तीची वीट बसवता येईल.

"नवा कागद दे."

तिने नाव लिहिलं आणि कागद परत सरकवला.

"डेनिस कीफ," रोझालिंडने वाचलं. "जहाज राहिलंय."

"इथेच जन्मला. आतच."

"बरं. गुन्हा?"

"काही नाही."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही, राणी."

"रिकामा कुठे ठेवतेय? 'काही नाही' असं लिही."

रोझालिंडची पेन्सिल थांबली. "शिक्षा?"

"पाच महिने अकरा दिवस. जन्मठेप म्हण हवं तर, त्याची तेवढीच होती."

"हे जरा टोचणारं होतंय, नाही का?"

कॉलिनने हात लांब करून कागद ओढला आणि ओठ हलवत अक्षरं मोजली. "वहीत नाव आहे ना पोराचं?"

"आहे."

"मग नियमात बसतंय. विटेवरही बसतंय." त्याने कागद रोझालिंडपुढे ठेवला. "सही कर."

एरवी लॅथबरी हे आडनाव ती कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते. या अर्जावर नुसती आद्याक्षरं आली, तीही पुसट.