‘चोत्तो’ म्हणजे थोडंसं

प्रल्हाद बर्वेला जपानी शब्द येत होते जेमतेम शंभर, पण आव असा, की हजार येतात. १९९६ साली तो नागोयाच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक होता आणि रेइशी नावाच्या अळंबीवर संशोधन करत होता. लाकडासारखी टणक, तपकिरी, वरून पॉलिश मारल्यासारखी चकाकणारी ही अळंबी. चिनी वैद्य शतकानुशतकं तिचा काढा देत आलेत आणि तिला अमरत्वाची अळंबी म्हणतात. प्रल्हादचं काम त्यामानाने साधं होतं. कॅन्सरची गाठ असलेल्या उंदरांना तिचा अर्क पाजायचा आणि गाठी लहान होतात का ते बघायचं. एप्रिलमध्ये त्या खरोखरच लहान भरल्या आणि प्रल्हादला स्वर्ग दोन बोटं उरला. त्याने सांगलीला अरुणाआत्याला आठ पानी पत्र लिहिलं.

आई लहानपणीच गेल्यामुळे त्याला वाढवलं होतं ते या आत्यानेच. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, कडक बाई. जूनमध्ये तिच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा वेळा केमोथेरपी घ्यायला सांगितली. आत्याने प्रल्हादला कळवलं, ‘तुझ्या अळंबीने उंदीर बरे होतात, मग मी का नाही? पाठवून दे.’

प्रल्हाद हरभऱ्याच्या झाडावर चढलेलाच होता. तरी रीत म्हणून त्याने आपल्या प्रोफेसरांना, मोरिता सेन्सेईंना विचारलं, की आत्याला रेइशी दिली तर चालेल का? सेन्सेईंनी मान तिरकी केली, दातांतून सुस्सकन हवा आत ओढली आणि म्हणाले, “चोत्तो...”

चोत्तो म्हणजे थोडंसं. हा शब्द प्रल्हादच्या शंभरात होता! त्याने चिनी औषधांच्या दुकानातून रेइशीच्या वाळलेल्या चकत्या आणल्या आणि पार्सलमध्ये चिठ्ठी घातली, ‘रोज थोडंसं उकळून घे. प्रमाण स्वतः प्रोफेसरांनी सांगितलंय.’

यानंतर तीन आठवडे तो शीळ घालत हिंडला. मग एका शनिवारी दुपारी त्याची बायको मेधा कामावरून आली. जेवणाचे डबे विकणाऱ्या एका दुकानात ती पार्टटाइम काम करायची.

“आज गंमत झाली,” पानं वाढता वाढता ती म्हणाली. “एका बाईने विचारलं, मासे काढून डबा द्याल का? मालकीणबाई ‘चोत्तो...’ म्हणाल्या. ती बिचारी सॉरी म्हणून निघून गेली.”

“का? थोडे मासे काढून दिले असते की.”

“अरे, चोत्तो म्हणून थांबले की त्याचा अर्थ ‘नाही’! तोंडावर नाही कोण म्हणतं इथे? पाच वर्षं राहतोयस, एवढंही माहीत नाही? आणि हो, हे घे, खाली टपालात आत्यांचं पत्र होतं.”

प्रल्हादने खरकट्या हातानेच पाकीट फोडलं. ‘काढा कडूजहर आहे,’ आत्याने लिहिलं होतं, ‘म्हणजे गुण नक्की येणार. डॉक्टरांना केमो नको म्हणून कळवून टाकलंय.’

प्रल्हादची पाचावर धारण बसली. तो ताटावरून उठला आणि स्टेशनसमोरच्या फोनबूथकडे धावत सुटला. मागून मेधा.

“आत्या, काढा बंद कर आणि केमो घे! इथले डॉक्टरसुद्धा अळंबीचे अर्क देतात, पण केमोच्या जोडीला. केमोऐवजी नाही.”

“प्रोफेसरांनी प्रमाण सांगितलं होतं ना?”

“ते नाही म्हणाले होते. मला कळलं नाही.”

पलीकडून वर्गातला आवाज आला. “उंदीर एकूण किती?”

“चाळीस. विसांना अर्क, विसांना नुसतं पाणी.”

“पैकी आज जिवंत किती?”

“एकही नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी सगळ्यांना मारून गाठींचं वजन करतात.”

“बरे झालेल्यांनासुद्धा?”

“बरं कोणीच झालं नव्हतं, आत्या. गाठी लहान होत्या, इतकंच.”

“गाढवा! चाळिसातून शून्य, आणि त्यावर आठ पानं लिहिलीस? सोमवारी डॉक्टरांकडे जाते मी.”

प्रल्हादच्या जिवात जीव आला. तो फोन ठेवणार, तोच आत्या पुन्हा बोलली. या वेळी आवाज वर्गातला नव्हता.

“केस जातील, ओकाऱ्या होतील, त्याचं काही नव्हतं रे. पण डॉक्टर म्हणाले, दर वेळी घरचं कोणीतरी सोबत आणा. काढा काय, एकटीला घेता येतो.”

प्रल्हादला स्वतःची लाज वाटली. पार्सलातल्या चिठ्ठीत ‘येऊ का?’ एवढं लिहायचं त्याला सुचलं नव्हतं. आता बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं आणि फोनकार्ड संपलं. रिसीव्हर हातात धरून तो तसाच उभा राहिला.

मेधा कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात पळाली आणि नवं कार्ड घेऊन आली.

“नुसतं ‘येतो’ म्हणू नकोस,” ती म्हणाली. “तारीख सांग.”