सासूबाईंची दोन बोटं

माझ्या सासूबाई बाओछिन यांच्या डाव्या हाताची दोन बोटं काळपट आणि राठ झाली आहेत. चीनमधल्या आमच्या छीचुनमध्ये नागदवण्याची कांडी पेटवून शेक देणारे गल्लोगल्ली सापडतील, पण बधिर पायाचा माणूस आला की त्याला आमच्याच घरी पाठवतात. ज्याला भाजलेलं कळत नाही, त्याच्या कातडीवर सासूबाई आपली दोन बोटं टेकवतात आणि मधल्या जागेवर कांडी धरतात. त्याच्या वाटचा चटका त्यांना कळतो.

परवा शहरातून एक तरुण डॉक्टर तापमान मोजायचं यंत्र घेऊन आला. शेक घ्यायला आलेल्या थ्येनकाकांच्या बधिर पोटरीला त्याने यंत्राची तार चिकटवली. सासूबाईंनी पोटरीवर बोटं टेकवून त्यानेच आणलेली कांडी धरली आणि लगेच उचलली.

"ही यंदाच्या पानाची आहे. नुसती वरवर चावते, ऊब आत मुरत नाही."

"मावशी, खोक्यावर तीन वर्षं जुनं पान लिहिलंय. आकडाही अजून एक्केचाळीसच आहे, त्रेचाळीसपर्यंत भाजत नाही."

"खोकं मलाही वाचता येतं."

थ्येनकाका उशीतून म्हणाले, "पोरा, वाद घालू नकोस. पाय माझा आहे."

सासूबाईंनी तीच कांडी डॉक्टरच्या हातात दिली. "स्वतःच्या मनगटावर धर."

त्याने तार मनगटाला लावून कांडी धरली. आकडा त्रेचाळीसला पोचण्याआधीच त्याने हात झटकला.

सासूबाईंनी घरची, तीन वर्षं मुरलेल्या पानाची कांडी पेटवली आणि बोटं पुन्हा काकांच्या पोटरीवर टेकवली.

"यंत्र चांगलं आहे तुझं," त्या म्हणाल्या. "फक्त त्याला भाजत नाही."