मधोमध ठेवायची फुलं

निशिगंधाचा ओला देठ कापला की फुलाच्या सुगंधाआधी एक हिरवट, कडसर वास येतो; पौषातल्या त्या रविवारी सकाळी घणसोली गावातली माझी भाड्याची खोली त्या वासानं भरून गेली होती. समोरच्या इमारतीला वळसा घालून कोवळं ऊन जेमतेम अर्धा तास माझ्या खिडकीत उतरतं, आणि तेवढ्या वेळात मला चांगुणामावशींच्या नव्या घरासाठी फुलांची रचना पुरी करायची होती.

चांगुणामावशी माझ्या घरमालकीण. नऊ वर्षं खाली त्या आणि वर मी. संध्याकाळी वाशीच्या ऑफिसातून परतून जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की आतून हाक यायची, "जेवलीस का गो?" सात वाजता कोण जेवतं, असं मनाशी म्हणत मी "नाही अजून" म्हणायची, आणि तेवढ्या बोलण्यावर माझी रात्र निभायची. दिवाळीनंतर मुलानं त्यांना रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर नेलं आणि खालच्या दाराला कुलूप लागलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं घरमालकिणीच्या हाकेसाठी झुरावं हे हास्यास्पद आहे, मला कळत होतं. पण कळून वळतं थोडंच!

नव्या घरात जेवणाचं मोठं टेबल आल्याचं त्यांच्या सुनेकडून कळलं, तेव्हा त्या टेबलाच्या मधोमध आपलं काहीतरी असावं, जेवताना सगळ्यांची नजर त्यावर पडावी आणि कुणीतरी माझं नाव काढावं, असं मला वाटू लागलं. भेट कसली, स्वार्थच तो. मावशी मला विसरतील याची मला भीती वाटत होती. कोकणातल्या आमच्या घरी फुलं असत ती बुद्धमूर्तीपुढे, सकाळच्या वंदनेला. जेवणाऱ्या माणसांच्या मध्येही फुलं मांडतात हे मी फोनवरच पाहिलं होतं. त्यात दाखवलेला, देठ खोचायचा हिरवा स्पंज काही मला मिळाला नाही. मग मातीच्या पसरट परळात दुधीचे जाड काप बसवले, विणायच्या सुईनं त्यांना भोकं पाडली आणि एकेक देठ खोचत गेले; कडेनं पिवळी शेवंती, मधे निशिगंध. प्रत्येक देठानंतर मागे सरून पाहायची आणि अजून थोडी उंची हवी असं वाटायचं. आपण दिसणार नाही अशी धास्ती ज्याला असते, तो उंचच रचत जातो.

टॉवरच्या दाराशी वॉचमननं परळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "डिलिव्हरी का?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता वहीत तसं लिहूनही टाकलं. मी ते दुरुस्त केलं नाही.

दार मावशींनीच उघडलं. मुलगा, सून, नातवंडं सगळी बारशाला गेलेली. टेबलावर इस्त्रीचे कपडे, दप्तरं, औषधांच्या पट्ट्या यांचा ढीग होता. बाल्कनीत एकच खुर्ची होती, खाली जिथे पूर्वी त्यांची भातशेती होती त्या दिशेला वळवलेली. माझ्या डोक्यात त्यांचं भरलेलं घर होतं. मावशीही एकट्या असतील, हे मला सुचलंच नव्हतं.

"कवरी फुला गो! देवाजवल ठेवू?"

"टेबलावर ठेवा मावशी. मधोमध."

"टेबलावर कोन जेवतंय? ज्याच्या त्याच्या टायमाला येतान नि जातान." मग परळात वाकून पाहत त्या म्हणाल्या, "नि दुधी कशाला फुकट घालवलास? भाजी झाली असती ना."

मी जेवूनच जायचं, हे त्यांनी विचारलंही नाही, ठरवूनच टाकलं. जमिनीवर समोरासमोर दोन ताटं मांडली आणि मी मधोमध म्हटलं होतं म्हणून परळ आमच्या मध्ये ठेवला. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, भात. त्या तिकडून बोलत होत्या. मला निशिगंधाच्या दांड्यांपलीकडून बांगड्यांची किणकिण आणि आवाज तेवढा येत होता. फुलं सुंदर दिसत होती, माझ्याच नजरेनं सांगायचं तर फारच सुंदर.

मधेच त्या थांबल्या. डावा हात पुढे आला आणि परळ सरळ भिंतीकडे सरकवला गेला, इतक्या जोरात की पाणी फरशीवर सांडलं.

"मना तुजा तोंडच दिसं नाय," त्या म्हणाल्या. मग भाकरीचा तुकडा हातातच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "कवरी वाललीस गो!"

वाळले असेनही. दोन महिने मी तांब्याला फोन टेकवून, भिंतीकडे तोंड करून जेवत होते. इतक्या दिवसांत मला जेवताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि आता कुणी पाहत होतं तर मला वर बघवेना. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. पाहू देत त्यांना, अजून थोडा वेळ पाहू देत, असं वाटत होतं. आणि त्याच क्षणी, हात लांबवून ती फुलं पुन्हा आमच्या मध्ये ओढून घ्यावीत, असंही.